शेवट पाठ होता, तरी लोक रडले: ‘हॅरी पॉटर’च्या अखेरच्या सिनेमामागची चौदा वर्षं

१५ जुलै २०११ला ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’चा दुसरा भाग लागला, तेव्हा थिएटरात बसलेल्या बहुतेकांना गोष्ट पाठ होती. कोण मरतं, हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतला शिक्षक स्नेप नक्की कुणाच्या बाजूचा, हॅरी वाचतो की नाही, हे सगळं जुलै २००७ मध्ये आलेल्या सातव्या पुस्तकात वाचून झालं होतं. एकट्या अमेरिकेत त्या पुस्तकाच्या ८३ लाख प्रती पहिल्या २४ तासांत खपल्या होत्या. तरीही सिनेमाच्या मध्यरात्रीच्या खेळांनीच तिथे ४ कोटी ३५ लाख डॉलर जमवले आणि पहिल्या तीन दिवसांची कमाई १६ कोटी ९० लाखांच्या पुढे गेली. त्या वेळचा तो विक्रम होता. लोक डोळे पुसत बाहेर पडले. काही तर बाहेर पडताच ‘हे का गाळलं, ते का बदललं’ म्हणून भांडू लागले. रहस्य काहीच उरलं नव्हतं, मग हे रडणं आणि हे भांडण कशाचं?

माझ्या मते त्याचं मूळ २००० ते २००३ या तीन वर्षांत आहे. पहिलं पुस्तक जून १९९७ मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरीने काढलं होतं, पक्क्या बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती. त्यानंतर दर वर्षी एक पुस्तक येत गेलं आणि जुलै २०००च्या चौथ्या पुस्तकानंतर गाडी थांबली. पाचव्यासाठी जून २००३ उजाडावा लागला. नेमकं याच काळात इंटरनेट घरोघरी पोचत होतं. वाचायला नवीन काही नाही म्हटल्यावर मुलं तर्क लढवू लागली, स्वतःच पुढच्या गोष्टी लिहू लागली. ‘मगलनेट’ हे संकेतस्थळ १९९९ मध्ये सुरू केलं ते एका बारा वर्षांच्या मुलाने. मॅसॅच्युसेट्समधल्या दोन भावांनी २००२ मध्ये ‘हॅरी अँड द पॉटर्स’ नावाचा बँडच काढला. पुस्तकाची वाट पाहणं हाच एक उद्योग झाला, आणि त्या उद्योगात मित्र जमले.

पहिला सिनेमा नोव्हेंबर २००१ मध्ये आला तो याच मधल्या काळात. त्याआधीच स्टुडिओ आणि चाहते यांची एक चकमक झडली होती. २०००च्या अखेरीस वॉर्नर ब्रदर्सच्या वकिलांनी हॅरीच्या नावाने संकेतस्थळं चालवणाऱ्यांना नोटिसा धाडायला सुरुवात केली, आणि त्यांतली बरीचशी शाळकरी पोरं निघाली. पोरांनी बहिष्काराची हाक दिली, वर्तमानपत्रांनी बातमी उचलली आणि स्टुडिओला माघार घ्यावी लागली. ही गोष्ट या साऱ्या पंथाच्या आठवणीत पक्की बसली. ऑगस्ट २००८ मध्ये सहावा सिनेमा नोव्हेंबरवरून थेट पुढच्या जुलैत ढकलला गेला, तेव्हा संतापाचा असा लोंढा आला की स्टुडिओचे प्रमुख ॲलन हॉर्न यांना चाहत्यांसाठी जाहीर निवेदन काढावं लागलं. सिनेमा ‘आपला’ आहे आणि जाब विचारायचा हक्क आपल्याला आहे, ही भावना अशी मुरत गेली होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये सातव्या पुस्तकाचे दोन सिनेमे होणार हे जाहीर झालं होतं. पैशांसाठी ताणताहेत, अशी कुरकुर तेव्हाही झाली, आणि ती अगदी चुकीची नव्हती. पुढे ‘ट्वायलाइट’ आणि ‘हंगर गेम्स’वाल्यांनी हाच कित्ता गिरवला. पण पुस्तक गच्च आहे हेही खरंच. गंमत अशी की, एवढं करून अखेरचा भाग १३० मिनिटांचा, म्हणजे आठही सिनेमांत सर्वांत लहान ठरला.

पडद्यावरची तीन मुलं निवडली गेली ऑगस्ट २००० मध्ये. डॅनियल रॅडक्लिफ आणि रूपर्ट ग्रिंट अकरा वर्षांचे, एमा वॉटसन दहाची. त्यांच्याच वयाच्या वाचकांनी शाळा ते कॉलेज हा प्रवास त्यांच्या बरोबरीने केला. ‘१९ वर्षांनंतर’चा शेवटचा प्रसंग आधी किंग्ज क्रॉस स्थानकावर चित्रित झाला होता. तो मनासारखा न उतरल्याने डिसेंबर २०१० मध्ये लीव्हझ्डन स्टुडिओत पुन्हा घेतला गेला. ७ जुलै २०११च्या लंडनमधल्या प्रीमियरसाठी लोक ट्रफाल्गर चौकात कित्येक दिवस आधीपासून पावसात मुक्काम ठोकून होते. पुस्तकांच्या लेखिका जे. के. रोलिंग आणि वॉटसन यांना मंचावरच रडू आलं. पुस्तकातून या किंवा पडद्यावरून, हॉगवर्ट्स तुमचं स्वागतच करील, अशा आशयाचं रोलिंग बोलल्या आणि गर्दीचाही बांध फुटला. गोष्ट २००७ मध्येच संपली होती. २०११ मध्ये संपलं ते वाट पाहणं.

आपल्याकडे पहिलं पुस्तक ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने मराठीत आणलं. तरी मुंबई-पुण्यातली बरीच मुलं ते इंग्रजीतच वाचत मोठी झाली, आणि मराठीत वाचलं की इंग्रजीत, हा त्यांच्यातला वेगळाच वाद असे.

आता सिनेमातल्या त्या दोन जागा, ज्यांवर सर्वाधिक बोललं गेलं. पहिली स्नेपच्या आठवणींची, जिथे तो खरा हॅरीच्याच बाजूचा होता हे उघड होतं. २००५च्या सहाव्या पुस्तकात स्नेपने मुख्याध्यापक डम्बलडोरला मारलं आणि पुढची दोन वर्षं चाहत्यांत उभी फूट पडली. अमेरिकेतल्या बॉर्डर्स या दुकानसाखळीने तर ‘स्नेपवर विश्वास ठेवा’ आणि ‘स्नेप फार वाईट माणूस आहे’ असे दोन्ही पक्षांचे स्टिकर वाटले. स्नेप साकारणाऱ्या ॲलन रिकमनना मात्र रोलिंग यांनी सुरुवातीलाच एक धागा सांगून ठेवला होता. पुस्तक वाचलेला माणूस म्हणूनच त्या काही मिनिटांत काय घडणार याकडे डोळे लावून बसला नव्हता. रिकमनच्या चेहऱ्यावर ते कसं उमटतं, हे त्याला बघायचं होतं. तिथे तक्रार जवळजवळ नव्हतीच.

दुसरी जागा अखेरच्या द्वंद्वाची. पुस्तकात ते ग्रेट हॉलमध्ये सगळ्यांच्या साक्षीने होतं. हॅरी खलनायक वोल्डेमॉर्टला, त्याच्या हातातल्या जादूच्या कांडीची निष्ठा खरी कुणाकडे आहे, हे खडसावून सांगतो आणि वोल्डेमॉर्ट कुठल्याही सामान्य माणसासारखा कोसळतो. सिनेमात दोघं किल्ल्याभोवती उडतात, ओस अंगणात एकटेच लढतात, आणि वोल्डेमॉर्टच्या चिंध्या होऊन हवेत विरतात. थ्रीडीला हे शोभलं असेल, पण चाहते चिडले ते रास्तच होतं. अमर होऊ पाहणाऱ्याचं प्रेत सर्वांसमोर जमिनीवर पडणं, यातच त्या कथेचा सगळा अर्थ होता. डम्बलडोरच्या घरच्या कहाणीला लागलेली कात्री, हॅरीच्या मित्राचा भाऊ फ्रेड याचा पडद्याआड उरकलेला मृत्यू, हॅरीची न दुरुस्त झालेली जुनी कांडी, ही यादीही तेव्हापासून फिरते आहे. फक्त सिनेमे पाहणाऱ्यांना यातलं काही खटकलं नाही. समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं, जगभरातून १३० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमला. ऑस्करची तीन नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. रिकमनना तर नामांकनही नव्हतं, आणि तो राग अजून निवलेला नाही. जानेवारी २०१६ मध्ये ते गेले तेव्हा किंग्ज क्रॉसवर कथेतल्या ‘पावणेदहा’ फलाटाच्या पाटीखाली लोकांनी फुलं ठेवली.

२०२० मध्ये ट्रान्सजेंडर प्रश्नावरच्या रोलिंग यांच्या विधानांनी याच जमातीत नवी फूट पडली. रॅडक्लिफ, वॉटसन, ग्रिंट यांनी वेगळी भूमिका घेतली, ‘मगलनेट’नेही अंतर राखलं. पण गाळलेल्या गोष्टींची ती जुनी यादी स्टुडिओ विसरला नसावा. एप्रिल २०२३ मध्ये एचबीओची नवी मालिका जाहीर झाली, तिची जाहिरातच मुळी ‘सातही पुस्तकं मुळाबरहुकूम’ अशी होती, आणि मे २०२५ मध्ये तिच्यासाठी तीन नवी मुलं निवडली गेली.