परतीच्या वाऱ्याचा शोध

युरोपीय दर्यावर्दींच्या इतिहासात एखादा किनारा प्रथम कोणी पाहिला याची चर्चा भरपूर होते. तिथून परत कसे यायचे हे प्रथम कोणाला उमगले, याची मात्र क्वचितच. व्यापाराच्या दृष्टीने दुसरा प्रश्न अधिक मोलाचा होता, कारण शिडाचे जहाज माल घेऊन ठरावीक मुदतीत परतू शकत नसेल, तर त्या सफरीला धाडस म्हणता येईल, व्यापारी मार्ग म्हणता येणार नाही. मॅगेलन १५२१ साली प्रशांत महासागर ओलांडून फिलिपिन्सला पोहोचला, पण त्याच महासागरातून आशियाकडून अमेरिकेकडे परतण्याची वाट सापडायला १५६५ साल उजाडावे लागले.

अडचण वाऱ्यांची होती. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, उंचावरून ध्रुवांच्या दिशेने सरकते आणि साधारण ३० अंश अक्षांशांच्या आसपास खाली उतरते. त्यातील काही हवा समुद्रसपाटीलगत पुन्हा विषुववृत्ताकडे निघते, परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे तिची दिशा वळते. उत्तर गोलार्धात ईशान्येकडून वाहणारे हे व्यापारी वारे. त्याहून उत्तरेला, ३० ते ६० अंशांच्या पट्ट्यात, वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. महासागराचे वरचे पाणीही याच रेट्याने प्रचंड चक्राकार फिरते. त्यामुळे खुल्या महासागरात जाण्याची वाट आणि येण्याची वाट सहसा एक नसते.

अटलांटिकमध्ये हे कोडे पोर्तुगीजांनी १५व्या शतकात सोडवले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला उतरताना वारा आणि प्रवाह दोन्ही साथ देत. परतताना तेच दोन्ही आडवे येत. त्यांच्या खलाशांनी किनाऱ्याशी झुंजणे सोडून दिले, जहाज वायव्येला भर समुद्रात घातले, अझोर्स बेटांच्या अक्षांशापर्यंत चढून पश्चिमी वारे पकडले आणि मग पोर्तुगालकडे वळवले. घरी पोहोचण्यासाठी आधी घरापासून दूर जायचे, असा हा उलटा वाटणारा हिशेब होता. १४९२ साली कोलंबसही आधी कॅनरी बेटांपर्यंत दक्षिणेला उतरूनच पश्चिमेला निघाला आणि परतताना उत्तरेकडून आला.

हिंदी महासागराचे गणित वेगळे आहे. तिथे वारे ऋतूप्रमाणे दिशाच बदलतात, आणि हे अरब, गुजराती व मलबारी नाविकांना कित्येक शतके ठाऊक होते. वास्को द गामाने १४९८ च्या एप्रिल-मे महिन्यांत जाणकार वाटाड्याच्या मदतीने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी ते कालिकत हे अंतर सुमारे २३ दिवसांत पार केले. परतताना मात्र कालिकतचा राजा सामुतिरी याच्याशी बिनसल्यामुळे तो ऑगस्टअखेरीस कालिकतहून निघाला आणि गोव्याच्या दक्षिणेला असलेल्या अंजदीव बेटावर जहाजांची डागडुजी करून ५ ऑक्टोबरला खुल्या समुद्रात शिरला. ईशान्य मोसमी वारे तेव्हा स्थिरावले नव्हते. कधी निवांत हवा, कधी उलटा वारा, असे करत आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. ताज्या फळभाज्यांअभावी होणाऱ्या स्कर्वी या रोगाने सुमारे ३० माणसे दगावली आणि उरलेल्यांना तीन जहाजे हाकणे अशक्य झाल्याने ‘साओ राफाएल’ जाळून टाकावे लागले. काही आठवड्यांची वाट पाहणे किती स्वस्त पडले असते, हे कोकणातला कोणताही तांडेल सांगू शकला असता.

प्रशांत महासागरात असा सल्ला देणारे कोणी नव्हते. मॅगेलनच्या ताफ्यातील ‘त्रिनिदाद’ १५२२ साली पूर्वेकडे निघाले आणि हार मानून परत फिरले. पुढे सावेद्रा या स्पॅनिश दर्यावर्दीचे दोन आणि व्हिल्यालोबोसच्या स्पॅनिश मोहिमेचे दोन प्रयत्नही फसले. तरुणपणी मोलुक्का या आजच्या इंडोनेशियातील मसाल्यांच्या बेटांत काही वर्षे काढलेला आंद्रेस दे उर्दानेता पुढे मेक्सिकोत ऑगस्टिनियन धर्मगुरू झाला होता. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने त्यालाच या कामासाठी बोलावले. १ जून १५६५ रोजी ‘सान पेद्रो’ जहाज फिलिपिन्समधील सेबूहून निघाले, नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या जोरावर ईशान्येला चढत ३९ अंशांच्या आसपास पोहोचले, तिथे पश्चिमी वाऱ्यांवर स्वार झाले आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने उतरत ८ ऑक्टोबरला मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरात दाखल झाले. खरे तर त्याच मोहिमेपासून वेगळे झालेले ‘सान लुकास’ हे छोटे जहाज लोपे मार्तीन या सुकाणूकाराच्या कौशल्यावर ऑगस्टमध्येच मेक्सिकोला पोहोचले होते, पण श्रेय उर्दानेताच्या पदरात पडले. या यशामागे एक अनुकूल योगायोगही होता: त्या काळी रेखांश मोजण्याचे विश्वासार्ह साधन नव्हते, अक्षांश मात्र सूर्य वा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून काढता येत असे, आणि वाऱ्यांचे पट्टे अक्षांशांनुसारच पसरलेले आहेत.

१५७१ साली स्पॅनिशांनी मनिला शहर वसवले. काही इतिहासकार जागतिक व्यापाराचा जन्म त्याच वर्षी मानतात. या व्यापाराला इंधन मिळाले ते चांदीच्या भावातील तफावतीतून. मिंग साम्राज्यातील करवसुली चांदीत होऊ लागल्याने चीनमध्ये साधारण ६ भार चांदीला १ भार सोने मिळे, तर स्पेनमध्ये त्यासाठी सुमारे १२ भार चांदी लागे. इकडे दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियात, १५४५ पासून पोतोसीच्या डोंगरातून चांदी निघत होती. पाऱ्याच्या साहाय्याने हलक्या प्रतीच्या धातुकातूनही ती काढण्याची पद्धत रुळल्यावर उत्पादन आणखी वाढले, आणि त्याची किंमत सक्तीने खाणीत राबवलेल्या अँडीजमधील मूलनिवासींनी मोजली. अकापुल्कोहून चांदी तीन महिन्यांत मनिलाला येई, तिथे चीनच्या फुजियान प्रांताचे व्यापारी रेशीम व चिनी मातीची भांडी घेऊन थांबलेले असत. परतीला चार ते सहा महिने लागत, आणि निघायला उशीर झाला की वादळांशी गाठ पडे. मालाबरोबर पिकेही सरकली: अमेरिकेतील रताळे १६व्या शतकाच्या अखेरीस फिलिपिन्समार्गे फुजियानला पोहोचले आणि डोंगराळ, निकस जमिनीतही तग धरू लागले.

चांदीचा दुसरा ओघ स्पेनमधून युरोपभर पसरून आफ्रिकेला वळसा घालत गोवा व सुरतेकडे येई. सुरतेच्या टांकसाळीत स्पॅनिश रियाल वितळवून मोगली रुपये पाडले जात, आणि युरोपीय व्यापारी त्यांतूनच कापड व नीळ खरेदी करत. १६४० च्या सुमारास चीनमधील चांदीचा भाव उर्वरित जगाच्या भावाशी जुळत आला व मूळची तफावत बुजली; तरीही मनिलाचे गलबत उर्दानेताने आखलेल्या वाटेने १८१५ पर्यंत ये-जा करत राहिले.