मोफत वायफाय: मुंबई सेंट्रलच्या फलाटापासून पीएम-वाणीपर्यंत

शहरातील सार्वजनिक वायफायची चर्चा बहुतेक वेळा वेग आणि व्याप्ती या दोनच मुद्द्यांभोवती फिरते. ही सेवा ज्यांच्यासाठी म्हणून सुरू झाली, त्यांच्यापर्यंत ती कितपत पोहोचली, हे पाहण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागते.

वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालते, तो भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणजे त्या रेडिओ लहरी वापरायला सरकारी परवाना लागेनासा झाला. त्या काळात अमेरिकेतील फिलाडेल्फियाने संपूर्ण शहर वायफायने व्यापण्याची घोषणा केली होती आणि जगभरच्या महापालिकांना तिचे आकर्षण वाटत होते. जाळे खासगी कंपनीने स्वखर्चाने उभारायचे आणि वर्गणीतून पैसे वसूल करायचे, असा तो हिशेब होता. तो जुळला नाही आणि २००८ मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. ‘मोफत’ सेवेचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न तेव्हापासून या विषयाला चिकटलेला आहे.

भारतात मात्र या सेवेला वळण मिळाले ते पैशापेक्षा सुरक्षेच्या कारणाने, आणि त्याचा संबंध थेट मुंबई परिसराशी आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना आलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घरातल्या, पासवर्ड नसलेल्या वायफायचा गैरवापर करून पाठवला गेल्याचे तपासात उघड झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराबाबत सेवा पुरवठादारांना निर्देश दिले आणि वापरकर्त्याची ओळख पटवून त्याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. आज स्थानकावर वायफाय निवडल्यावर जे पान उघडते, त्यात मोबाइल क्रमांक भरावा लागतो आणि मग येणारा ओटीपी टाकावा लागतो, त्याचे मूळ इथे आहे. तपास यंत्रणांची गरज समजण्यासारखी असली, तरी त्यामुळे एक विचित्र अट रूढ झाली: ज्याच्याकडे चालू सिमकार्ड नाही, त्याला मोफत इंटरनेटही नाही. घरातला जुना फोन सिमविना वापरणाऱ्या विद्यार्थ्याची वाट या ओटीपीपाशीच अडते.

जानेवारी २०१६ मध्ये गूगल आणि रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांनी मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय सुरू केले. स्थानकांची निवड सोयीची होती, कारण रेलटेलची ऑप्टिकल फायबर रुळांच्या कडेने आधीच टाकलेली होती आणि माणसांची वर्दळ तर बारमाही. जून २०१८ मध्ये दिब्रुगड हे या योजनेतील ४०० वे स्थानक ठरले. त्याच वर्षी एर्नाकुलम स्थानकावरील एका हमालाने फलाटावरच्या वायफायच्या मदतीने अभ्यास करून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केल्याची बातमी देशभर गाजली. ती खरीच कौतुकाची होती; फक्त एवढे विसरू नये की त्याच्या हातात स्मार्टफोन आणि कानात इअरफोन होता, आणि नेमका तोच टप्पा अनेकांना ओलांडता येत नाही.

दरम्यान जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘आपले सरकार मुंबई वायफाय’ ५०० ठिकाणी सुरू केले आणि १ मेपर्यंत १२०० ठिकाणांचे उद्दिष्ट जाहीर केले. तोवर परिस्थिती पालटू लागली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि फुकटच्या वायफायसाठी स्थानकात रेंगाळण्याची अनेकांची गरजच संपली. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने हा उपक्रम आवरता घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा स्वस्त झालेला मोबाइल डेटा हे त्यामागचे एक प्रमुख कारण सांगितले. स्थानकांवरील सेवा रेलटेलने चालू ठेवली, पण २०२१ पासून दिवसाला पहिली ३० मिनिटे मोफत आणि पुढे सशुल्क, अशी तिची मांडणी झाली.

डेटा स्वस्त झाला म्हणून दरी मिटली, असे मात्र आकडे सांगत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५७.१ टक्के पुरुषांनी, पण केवळ ३३.३ टक्के महिलांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे नोंदवले गेले. टाळेबंदीत शाळा ऑनलाइन गेल्या आणि एका फोनवर दोन-तीन भावंडांचे वर्ग भरू लागले, तेव्हा चौकातल्या किंवा स्थानकावरच्या वायफायचा या घरांना काडीचाही उपयोग नव्हता.

याच काळात, डिसेंबर २०२० मध्ये, केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी या सार्वजनिक वायफायच्या योजनेला मंजुरी दिली. तिची कल्पना थेट जुन्या पीसीओवरून, म्हणजे पैसे देऊन फोन करण्याच्या सार्वजनिक बूथवरून, बेतलेली आहे: किराणा दुकानदार किंवा चहावाला यांनी ब्रॉडबँड घ्यायचे, परवाना न काढता वायफायचे केंद्र चालवायचे आणि अगदी थोड्या पैशांत डेटा विकायचा. म्हणजे ही सेवा मोफत नाही, परवडणारी आहे. माझ्या मते हाच तिचा प्रामाणिकपणा. तरीही २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी केंद्रांचे लक्ष्य ठेवले असताना २०२४ च्या अखेरीस पीएम-वाणीची केंद्रे अडीच लाखांच्या आसपासच होती. एक अडचण अगदी व्यवहारातली होती: दूरसंचार कंपन्या अशा दुकानदारांकडे घरगुती ब्रॉडबँडऐवजी कितीतरी पटींनी महाग असलेल्या लीज्ड लाइनचा, म्हणजे एकाच ग्राहकासाठी राखीव असलेल्या जोडणीचा, आग्रह धरत, आणि सुट्या डेटाच्या विक्रीतून तो खर्च निघणे अशक्य होते. अखेर जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने आदेश काढून या केंद्रांसाठी २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती ब्रॉडबँड योजना देणे बंधनकारक केले आणि त्यांचा दर सामान्य ग्राहकाच्या दराच्या दुपटीपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा घातली.