समुद्री कासव आणि गोड्या पाण्यातील खेकडा

समुद्री कासव हा पृष्ठवंशी, सरपटणारा प्राणी. खेकडा अपृष्ठवंशी, संधिपाद संघातला. येथे कोकण किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव आणि सह्याद्रीतील ओढे, भातखाचरे व कातळसड्यांवरचे, म्हणजे सपाट खडकाळ पठारांवरचे, खेकडे (रायगडात मुठे, तळकोकणात कुर्ल्या) यांची तुलना केली आहे.

कासवाची ढाल म्हणजे त्याच्याच बरगड्या व मणके. ती त्याच्याबरोबर वाढते, काढून टाकता येत नाही. समुद्री कासवाला डोकेही आत ओढता येत नाही. खेकड्याचे कवच कायटिन व चुन्याचे असते आणि वाढत नाही, म्हणून वाढायचे तर कात टाकावी लागते. कात टाकलेला मऊ खेकडा नवे कवच कडक होईपर्यंत बिळात दडून राहतो. तुटलेली नांगी पुढच्या कातींबरोबर पुन्हा फुटते.

मिठाचा प्रश्न दोघांना उलटा पडतो. कासव डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून जादा मीठ अश्रूंवाटे बाहेर टाकते, तर खेकडा कल्ल्यांवाटे पाण्यातले विरळ क्षार आत ओढतो. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर पाण्यातच गुदमरते.

खरा फरक पिल्लांच्या बाबतीत दिसतो. मादी कासव वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. ४५ ते ६० दिवसांत पिल्ले निघतात. नर की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक. वेळाससारख्या गावांत अंडी कुंपणातल्या कृत्रिम घरट्यांत हलवतात. हे काम लवकर व्हावे लागते, कारण काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले तर तो मरू शकतो. पिल्ले उजेडाकडे धावतात, म्हणून किनाऱ्यावरचे दिवे त्यांना समुद्रापासून भरकटवतात.

खेकड्याची मादी मोजकी पण मोठी अंडी पोटाखालच्या रुंद झडपेत बाळगते. अंड्यातून पोहणारी अळी नव्हे, थेट इवलासा खेकडा निघतो आणि काही दिवस आईलाच चिकटून राहतो. (नराची झडप अरुंद असते, पकडलेली मादी त्यावरून ओळखून सोडता येते.) पण अळीच नसल्याने ही पिल्ले पाण्याबरोबर दूर पसरत नाहीत. त्यामुळे सह्याद्रीत एकेका सड्यापुरती, डोंगरापुरती वेगळी जात सापडते; घाटियाना ही खेकड्यांची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) तर २०१४ मध्ये नोंदली गेली. ऑलिव्ह रिडले जगभरच्या उष्ण समुद्रांत आहे आणि भारतात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षितही. उलट, एकाच सड्यावरच्या खेकड्याचा सडा चिरेखाणीत गेला, तर त्याची जागा भरायला दुसरीकडून कोणी येत नाही.