क्रॅपीची गळाने मासेमारी

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा, सनफिश कुळातला मासा. त्याच्या जाती दोन: पांढरा क्रॅपी (पोमॉक्सिस ॲन्युलॅरिस) आणि काळा क्रॅपी (पोमॉक्सिस निग्रोमॅक्युलेटस). रंगावर विसंबू नये. पाठीवरच्या पराचे काटे मोजावेत: पांढऱ्याला बहुधा ६, काळ्याला ७ किंवा ८. पांढरा गढूळ पाणी सोसतो. काळ्याला नितळ पाणी आणि पाणवनस्पती मानवतात.

हा मासा थव्याने राहतो, आणि तोही बुडालेली झाडे, खुंट, धक्क्याचे खांब अशा आडोशाला. त्यामुळे आमिष कोणते याआधी जागा आणि खोली शोधावी लागते. टेनेसीतले रीलफुट सरोवर १८११-१२ च्या भूकंपांत जमीन खचून झाले. पाण्याखाली गेलेल्या सायप्रस झाडांचे खुंट तिथे अजून आहेत आणि क्रॅपीसाठी ते नावाजलेले आहे. जिथे असा आडोसा नाही तिथे लोक फांद्यांचे भारे, नाताळ उरकल्यावरची झाडेसुद्धा, वजन बांधून तळाशी सोडतात.

वसंतात पाणी १६ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास आले की नर उथळ पाण्यात घरटी करून अंडी राखतात. तेव्हा काठावरून गळ टाकणाऱ्यालाही मासा मिळतो. उन्हाळ्यात थवे खोल जातात. मग पहाट, संध्याकाळ किंवा रात्री दिवा लावून बसणे बरे: उजेडाला किडे आणि सूक्ष्म जीव जमतात, त्यांच्यामागे बारीक मासे आणि त्यांच्यामागे क्रॅपी. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फाला भोक पाडूनही तो धरतात.

क्रॅपी वर पाहून खातो, म्हणून आमिष थव्याच्या किंचित वर लोंबते ठेवावे. खाली गेले तर तो सहसा ढुंकून पाहत नाही. आमिष म्हणजे जिवंत बारीक मासा, नाहीतर १ ते ३ ग्रॅमचा जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा नकली आमिष लावलेला गळ. खालून घास घेऊन मासा वर सरकतो तेव्हा दोरी ताणली न जाता सैल पडते आणि तरंगता बूच बुडण्याऐवजी आडवा होतो. नवखा माणूस बूच बुडायची वाट पाहत बसतो आणि मासा घास टाकून निघून जातो.

ओठांभोवतीची कातडी कागदासारखी पातळ असते. हिसका दिला की ती फाटते, गळ मोकळा. काठी सावकाश उचलावी, दोरी ताठ ठेवावी आणि मोठा मासा पाण्यातच जाळीत घ्यावा.

पांढऱ्या क्रॅपीचा विक्रम १९५७ चा: मिसिसिपीतील एनिड धरणापाशी सुमारे २.३५ किलोचा मासा मिळाला. लहान तळ्यात क्रॅपी सोडू नये असे मत्स्यतज्ज्ञ सांगतात. तिथे पैदास बेसुमार होऊन मासे खुजे राहतात. असे असूनही काळ्या क्रॅपीचा सुमारे २.४९ किलोचा विक्रमी मासा २०१८ मध्ये टेनेसीतल्या एका तळ्यातच गळाला लागला.