फलन झालं की भ्रूणाची जनुकं लगेच कामाला लागतात?

शुक्राणूचं अंडपेशीशी मीलन झालं की नव्या जीवाची जनुकं त्याच क्षणी सूत्रं हाती घेतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं होत नाही.

सुरुवातीचा कारभार आईचा असतो. अंडपेशी तयार होतानाच तिच्यात प्रथिनं आणि संदेशवाहक आरएनए (प्रथिनं बनवण्याच्या सूचना वाहून नेणारे रेणू) साठवलेले असतात. पहिली विभाजनं या शिदोरीवरच होतात. याचा सर्वांत थक्क करणारा पुरावा मला १९३६ सालचा वाटतो. जीवशास्त्रज्ञ एथेल ब्राउन हार्वे यांनी समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंडपेशीचा केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला पेशीचा गाभा, नसलेला तुकडा कृत्रिमरीत्या उत्तेजित केला, आणि तो विभागत गेला. केंद्रकच नाही, तरीही! अर्थात, त्यातून पुढे प्राणी घडला नाही. त्यासाठी स्वतःची जनुकं लागतातच.

ती मोठ्या प्रमाणावर कधी सुरू होतात, हे प्राण्यागणिक बदलतं. उंदरात दोन पेशी असताना, माणसात चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर, झेब्राफिशमध्ये साधारण हजार पेशी झाल्यावर. मोजकी जनुकं त्याआधीही चालू होतात, त्यामुळे सगळं एका झटक्यात घडतं असं मानणंही चुकीचं.

मग त्यांना जागं कोण करतं? फळमाशीत झेल्डा नावाचं प्रथिन, तेही आईच्याच साठ्यातून आलेलं. डीएनएची घट्ट गुंडाळी ठिकठिकाणी सैल करून ते जनुकं वाचण्याजोगी करतं. याच सुमारास आईचे आरएनए नष्ट होऊ लागतात. झेब्राफिशमध्ये ही सफाई बऱ्याच अंशी भ्रूणाने स्वतः बनवलेला मिर-४३० हा सूक्ष्म आरएनए घडवून आणतो.