विद्युत वाहनांसाठी लिथियमचा पुरवठा

सर्व मोटारी बॅटरीवर धावू लागल्या, तर पृथ्वीवरचे लिथियम पुरेल का, हा प्रश्न साठ्यापेक्षा वेगाचा आहे. बॅटरीच्या एका किलोवॉट-तासामागे सुमारे १०० ग्रॅम लिथियम लागते, म्हणजे ६० किलोवॉट-तासांच्या मोटारीला साधारण ६ किलो. शंभर कोटी मोटारींना ६० लाख टन पुरेल. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या २०२५च्या अहवालानुसार जगात काढण्याजोगा साठा सुमारे ३ कोटी टन आहे. मात्र २०२४मधले उत्पादन अवघे २.४ लाख टन होते. त्या गतीने, फोन-संगणकांना एक कणही न देता, एवढ्या मोटारींचे लिथियम काढायला पंचवीस वर्षे लागतील.

लिथियम मुख्यतः दोन प्रकारे मिळते. ऑस्ट्रेलियात ग्रीनबुशेससारख्या खाणींतून स्पोड्युमीन हे लिथियमयुक्त खनिज खडक फोडून काढतात. त्यातले बरेचसे शुद्धीकरणासाठी चीनला जाते. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचे खारे पाणी उपसून उथळ तळ्यांत उन्हात आटवतात. कोकणातली मिठागरे पाहिलेल्यांना हे लगेच उमगेल. फक्त इथे सुकायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्या कोरड्या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांची पाण्याविषयीची चिंता रास्त आहे आणि पुरवठ्याच्या हिशेबात ती धरायलाच हवी. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या मैदानात प्रचंड लिथियम आहे; पण तिथल्या पाण्यात मॅग्नेशियम जास्त असल्याने ते वेगळे करणे अवघड जाते, आणि उत्पादन अजून नगण्य आहे.

दरही स्थिर नाहीत. २०२२च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला जवळपास ६ लाख युआनवर गेले आणि वर्षभरात १ लाखाच्या आसपास कोसळले. दर पडले की नव्या खाणी लांबणीवर पडतात, आणि पुढच्या टंचाईची बीजे तिथेच रुजतात. लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या सोडियम-आयन बॅटरीने लिथियमवरचा भार काहीसा हलका होऊ शकतो. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०२३मध्ये असे तंत्रज्ञान सादर केले.

फेब्रुवारी २०२३मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा साठा जाहीर झाला, तेव्हा अनेकांनी तो आकडा शुद्ध लिथियमचा मानला. प्रत्यक्षात तो लिथियमयुक्त खनिजाचा, तोही प्राथमिक अंदाज होता. धातूचे प्रमाण त्यात फारच थोडे. लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत. जानेवारी २०२४मध्ये ‘काबिल’ या सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात पाच क्षेत्रांच्या शोधासाठी करार केला.