पाच सामने हरले, म्हणून प्रशिक्षक वाईट?

फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला नारळ देण्याची चर्चा बहुधा पाच-सहा वाईट निकालांनंतर सुरू होते. तेवढ्या निकालांवरून प्रशिक्षकाबद्दल फारच थोडं कळतं, आणि हे हिशेबानं दाखवता येतं.

एक मध्यम ताकदीचा संघ घ्या. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ४० टक्के, बरोबरीची २६ आणि हरण्याची ३४. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. म्हणजे सामन्यामागे सरासरी १.४६ गुण आणि ३८ सामन्यांच्या हंगामात साधारण ५५. आता खेळाडू, डावपेच, प्रशिक्षक यांतलं काहीही बदलायचं नाही. ठरावीक पाच सामन्यांत एकही विजय न मिळण्याची शक्यता ०.६ चा पाचवा घात, म्हणजे ७.८ टक्के. हे दुर्मीळ वाटतं. पण अशी मालिका हंगामात कुठेही सुरू होऊ शकते. त्यामुळे अख्ख्या हंगामात निदान एकदा तरी सलग पाच सामने विजयाविना जाण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश होते. दहा सामन्यांचा हिशेब केला तर सरासरी १४.६ गुण आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीच्या आजूबाजूला साधारण किती पसरतात त्याचं माप) ४.२ येतं, म्हणजे १० किंवा त्याहून कमी गुण मिळण्याची शक्यता साधारण सहात एक. वीस संघांच्या लीगमध्ये सगळे संघ अगदी एकसारखे असते, तरी कोणत्याही वेळी तीनेक संघांचे पाठीराखे प्रशिक्षकाच्या गच्छंतीची मागणी करत असते.

याचं मूळ या खेळातच आहे. मोठ्या लीगमध्ये दोन्ही संघांचे मिळून सामन्याला सरासरी अडीच ते तीन गोल होतात. इतक्या कमी गोलांच्या खेळात बचावपटूच्या पायाला लागून दिशा बदललेला एक चेंडू तीन गुण फिरवतो. म्हणून विश्लेषक गोल बाजूला ठेवून गोलच्या संधी मोजतात. या मोजमापाला अपेक्षित गोल किंवा एक्सजी म्हणतात. पूर्वीच्या हजारो शॉटच्या नोंदींवरून, अमुक अंतरावरून, अमुक कोनातून, पायानं किंवा डोक्यानं, अमुक प्रकारच्या पासनंतर मारलेल्या शॉटचा गोल किती वेळा होतो हे काढलं जातं. पेनल्टीचं मूल्य ०.७६ ते ०.७९ च्या आसपास ठरतं. साधारण शॉट ०.१ च्या जवळपास असतो, म्हणजे दहातला एक आत जातो.

नुसती बेरीज मात्र फसवते. समजा, एका संघानं प्रत्येकी ०.१ मूल्याचे दहा शॉट मारले आणि दुसऱ्यानं ०.५ मूल्याचे दोनच. दोघांचा एक्सजी १.० भरतो. तरीही पहिल्या संघाला एकही गोल न मिळण्याची शक्यता ३५ टक्के आहे, दुसऱ्याला २५. सगळे पर्याय मांडले तर दुसरा संघ सुमारे ३६ टक्के वेळा जिंकतो, पहिला ३१ टक्के वेळा, आणि उरलेल्या वेळी बरोबरी. असा शॉटगणिक हिशेब करून जे गुण येतात त्यांना अपेक्षित गुण म्हणतात. प्रशिक्षकाबद्दल बोलताना खऱ्या गुणांच्या शेजारी हा आकडा हवाच.

इंग्लंडमधल्या ब्रायटन क्लबचा २०२०-२१ चा प्रीमियर लीग हंगाम याचं ठळक उदाहरण आहे. ग्रॅहम पॉटर यांच्या संघानं ३८ सामन्यांत ४० गोल केले, ४१ गुण मिळवले आणि १६ वा क्रमांक घेतला. संधींच्या हिशेबानं हा संघ तक्त्याच्या वरच्या अर्ध्यात बसत होता. चेंडू गोलसमोर पोचत होता, पण आत जात नव्हता. क्लबनं पॉटर यांना ठेवलं. पुढच्या हंगामात ५१ गुण आणि नववा क्रमांक आला. २०१४-१५ चं डॉर्टमुंड त्याहून बोलकं आहे, कारण तिथे एकाच हंगामाचे दोन तुकडे समोर ठेवता येतात. यूर्गन क्लॉप यांचा हा संघ बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मन लीगच्या, पहिल्या १७ सामन्यांत १५ गुण घेऊन १८ संघांत १७ वा होता. उरलेल्या १७ सामन्यांत त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली ३१ गुण आले आणि संघ सातवा राहिला. ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलनं क्लॉप यांना घेतलं, तेव्हा क्लबचे संशोधनप्रमुख इयन ग्रॅहम यांच्या विश्लेषणात डॉर्टमुंडचा खेळ निकालांपेक्षा बराच चांगला दिसत होता.

एक्सजी वापरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पेनल्टी वाचवली (०.७८) आणि लगेच परतलेल्या चेंडूवर शॉट मारला (०.६), तर सरळ बेरीज १.३८ येते. त्या एका आक्रमणात एकच गोल होऊ शकतो. बरोबर उत्तर १ वजा (०.२२ × ०.४), म्हणजे सुमारे ०.९१. दुसरी चूक धावफलकाची. दोन गोलांनी पुढे असलेला संघ मागे सरतो, पिछाडीचा संघ मिळेल तिथून शॉट मारत सुटतो, आणि शेवटी हरलेल्याचाच एक्सजी जास्त दिसतो. म्हणून पेनल्टी वगळा, लाल कार्डानंतरची मिनिटं वगळा, आणि बरोबरी किंवा एका गोलाचा फरक असतानाचाच खेळ मोजा. एका सामन्याचा आकडा पाहून वाद घालणं तर निव्वळ करमणूक आहे. दहा सामन्यांची चालती सरासरी ही किमान गोष्ट, पंधरा असतील तर बरं.

एवढी माहिती हाताशी नसेल तर एक स्वस्तातला आकडा आहे. गोलच्या दिशेनं गेलेल्या शॉटपैकी किती टक्के आत गेले, ते काढा. त्यात गोलरक्षकानं समोरच्यांचे किती टक्के शॉट अडवले, ते मिळवा. पूर्ण लीगची सरासरी १०० येते, कारण एकाचा गोल म्हणजे दुसऱ्याची चूक. एखाद्या संघाची बेरीज ८८ असेल तर तो बहुतेक करून दुर्दैवी आहे, ११२ असेल तर नशीबवान. बहुतेक करून एवढ्यासाठी, की अप्रतिम गोलरक्षक असलेला संघ वर्षानुवर्षं शंभरच्या थोडा वर राहू शकतो.

पुढचा प्रश्न: कशाच्या तुलनेत वाईट? पाठीराख्यांची अपेक्षा हे माप कामाचं नाही. अर्थशास्त्रज्ञ स्टेफान शिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांच्या पगारखर्चाचा अभ्यास केला. अनेक वर्षांची सरासरी घेतली तर क्लबांच्या क्रमांकांतल्या फरकाचा सुमारे ९० टक्के भाग पगारखर्चावरूनच समजतो. एका हंगामात हा संबंध बराच सैल असतो, पण दिशा तीच राहते. पगारखर्चात चौदावा असलेला क्लब बारावा आला, तर प्रशिक्षकानं काम केलं आहे, मग गॅलरीत काहीही घोषणा होवोत.

आणखी बारीक माप सट्टाबाजाराच्या भावांत मिळतं, कारण त्यांत दुखापती, घरचं मैदान, प्रतिस्पर्धी असं सगळं आधीच मुरलेलं असतं. समजा भाव आहेत: विजय २.५०, बरोबरी ३.३०, पराभव ३.००. प्रत्येकाचा व्यस्त घ्या: ०.४००, ०.३०३, ०.३३३. बेरीज १.०३६ येते, वरचा ०.०३६ हा बुकीचा नफा. प्रत्येक आकड्याला १.०३६ नं भागलं की ३८.६, २९.२ आणि ३२.२ टक्के मिळतात. अपेक्षित गुण म्हणजे ३ × ०.३८६ + ०.२९२, साधारण १.४५. प्रत्येक सामन्यात खऱ्या गुणांतून हा आकडा वजा करून बेरीज ठेवत गेलं, की प्रशिक्षक अपेक्षेच्या वर चालला आहे की खाली, ते दिसत राहतं.

"पण नवा प्रशिक्षक आला की संघ लगेच सुधारतो!" हा युक्तिवाद हमखास येतो, आणि निरीक्षण म्हणून तो खराही आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना सरासरीकडे परतण्याचा नियम मांडला: टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीच्या जवळ येण्याकडे झुकतं. प्रशिक्षकाची हकालपट्टी कधी होते, तर निकाल तळ गाठतात तेव्हा. त्यानंतर ते वर येणारच असतात. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली आशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये रोजगार-प्रशिक्षणाबाबत हेच दाखवलं. प्रशिक्षण घेणाऱ्यांची कमाई प्रवेशाच्या अगदी आधी घसरलेली होती, त्यामुळे नंतरची सगळी वाढ प्रशिक्षणाच्या खात्यात टाकली तर फायदा फुगतो.

यातून वाट काढायला तुलनागट लागतो, म्हणजे निकाल तितकेच घसरूनही ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही असे संघ. बास तेर वेल यांनी डच लीगचे १९८६ ते २००४ चे हंगाम घेऊन अशी तुलना केली. प्रशिक्षक बदललेले संघ सुधारले होते, आणि न बदललेलेही साधारण तितकेच सुधारले होते. पुढे यान व्हान आउर्स आणि मार्टिन व्हान टाउल यांनी बुकींच्या भावांवरून संघांच्या जोड्या लावून त्याच लीगमध्ये असाच निष्कर्ष काढला. लेस्टर या इंग्लिश क्लबची कथा या चौकटीत छान बसते. प्रीमियर लीगच्या विजेतेपदानंतरच्या हंगामात, फेब्रुवारी २०१७ मध्ये २५ सामन्यांत २१ गुण असताना क्लाउदिओ रानिएरी यांची उचलबांगडी झाली. क्रेग शेक्सपियर यांनी लीगचे पहिले पाचही सामने जिंकले, उन्हाळ्यात त्यांना तीन वर्षांचा करार मिळाला, आणि ऑक्टोबरमध्ये ८ सामन्यांत ६ गुण झाल्यावर त्यांनाही घरी पाठवलं गेलं.

मात्र सरासरीतला शून्य म्हणजे प्रत्येक बदल निरुपयोगी असं नव्हे. चेल्सीनं जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लॅम्पार्ड यांना काढलं. तेव्हा १९ सामन्यांत २९ गुण होते आणि २३ गोल खाल्ले होते. थॉमस टुखेल यांनी मधल्या तीन बचावपटूंची (सेंटर-बॅक) रचना आणली. पुढच्या १९ सामन्यांत ३८ गुण, फक्त १३ गोल खाल्ले, आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीगही जिंकली. ॲस्टन व्हिलाचं २०२२-२३ मध्ये तसंच झालं. स्टीव्हन जेरार्ड यांचे ११ सामन्यांत ९ गुण, उनाई एमेरी यांचे २५ सामन्यांत ४९. फरक इतका मोठा आणि इतका टिकाऊ असला की नशिबाचं कारण पुरत नाही. दोन्हीकडे खेळाची रचना बदललेली दिसत होती.

म्हणून काढण्याच्या बाजूचा पुरावा निकालांत शोधण्याऐवजी खेळात शोधावा. दहा-दहा सामन्यांचे दोन सलग गट घ्या आणि समोरच्यांना दिलेल्या संधींचा एक्सजी पाहा. दुसऱ्या गटात तो स्पष्ट वाढला असेल, प्रतिस्पर्धी तितक्याच ताकदीचे असतील आणि मोठ्या दुखापती नसतील, तर घसरण खरी आहे. दबाव मोजायला पीपीडीए नावाचं गुणोत्तर वापरतात. प्रतिस्पर्ध्यानं स्वतःच्या गोलकडच्या ६० टक्के मैदानात केलेले पास भागिले त्याच भागातल्या आपल्या संघाच्या बचावकृती, म्हणजे टॅकल, मधेच अडवलेले पास, फाउल. ८ ते १० म्हणजे आक्रमक दबाव, १५ च्या वर म्हणजे संघ मागे बसलेला. प्रशिक्षक उंचावर दबाव टाकण्याची भाषा करतोय आणि हा आकडा ९ वरून १४ वर गेलाय, याचा अर्थ खेळाडूंना ते जमत नाहीये किंवा करायचंच नाहीये. यातलं दुसरं कारण असेल, तर माझ्या मते थांबण्यात अर्थ नसतो.

बदलीचा उमेदवार कोण, हा भाग चर्चेत सर्वांत कमी येतो. मँचेस्टर युनायटेडनं एरिक टेन हाग यांचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला आणि २८ ऑक्टोबरला त्यांना काढलं. ९ सामन्यांत ११ गुण, म्हणजे सामन्याला १.२२. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरोप देण्यात सुमारे १ कोटी ४ लाख पौंड गेले. रुबेन आमोरिम त्यांच्या ठरलेल्या मधल्या तीन बचावपटूंच्या पद्धतीसह हंगामाच्या मध्यात आले. संघ दुसऱ्या पद्धतीसाठी जमवलेला होता आणि सरावाला मोकळे आठवडे नव्हते. त्या हंगामातल्या त्यांच्या २७ लीग सामन्यांत २७ गुण झाले. काढण्याचा निर्णय योग्य होता की नाही यावर वाद होऊ शकतो. नव्या पद्धतीला साजेसे खेळाडू आहेत का, ही तपासणी मात्र आधीच करता आली असती.

शेवटी उरलेल्या सामन्यांचं गणित. वीस सामने बाकी असताना सामन्याला ०.३ गुणांनी सरस प्रशिक्षक मिळाला, तर फायदा ६ गुणांचा. वीस सामन्यांचं प्रमाण विचलनही जवळपास ६ असतं, म्हणजे हा फायदा खरा असूनही हंगामाअखेर तक्त्यावर सिद्ध करता येणार नाही. तळाच्या संघाला मात्र त्या सहा गुणांची किंमत फार असते. दोनच सामने उरले असतील तर हाच फायदा ०.६ गुणांवर येतो. वॉटफर्डनं २०१९-२० मध्ये हावी ग्रासिया आणि कीके सांचेझ फ्लोरेस यांच्यानंतर नायजेल पिअर्सन यांनाही काढलं, तेही दोन सामने शिल्लक असताना आणि संघ धोक्याच्या रेषेच्या तीन गुण वर असताना. वॉटफर्ड ते दोन्ही सामने हरला आणि ३४ गुणांवर खालच्या लीगमध्ये गेला. वाचलेल्या व्हिलाचे गुण होते ३५.